हळकुंडाचे सात वेढे

आधीच सांगते, हे लिहिणारी बाई काही शहाणी नाही. शहाणी असते तर लिहायची वेळच आली नसती. मी तीस वर्षं जामबागेतल्या एका शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवलं, तेही मराठीतून. ‘यकृतात पित्तरस तयार होतो आणि तो लहान आतड्यात येऊन अन्न पचवायला मदत करतो’ हे वाक्य मी फळ्यावर दरवर्षी लिहायची. पोरं पेपरात ‘पित्ताचा रस्सा’ लिहायची आणि मी लाल शाईनं गोल करायची. पण माझ्याच नातवाच्या आतड्यात पित्त उतरत नव्हतं, तेव्हा मला फळा आठवला नाही. माझ्या आईची सहाण आठवली.

ज्यांच्या घरात आत्ता तान्हं बाळ आहे आणि माझ्यासारखी एखादी सर्वज्ञ आजी आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मला बरं वाटावं म्हणून नाही.

उन्हात

चिक्कडपल्लीला दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. माझा मुलगा मकरंद, सून सिंधुजा आणि मी. हे जाऊन नऊ वर्षं झाली. सिंधुजा तेलुगू, वरंगळची. तिला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण असून ते आमच्याकडेच झालं आणि सगळं मी एकटीनं केलं. डिंकाचे लाडू, शेकशेगडी, बाळाला पायांवर घेऊन अंघोळ, एकूण एक. ती मला अत्तम्मा म्हणते, त्यांच्याकडे सासूला तसंच म्हणतात. मराठी छान बोलते, फक्त बाळालाही ‘तो’ आणि दुधालाही ‘तो’. “अत्तम्मा, माझा दूध आला,” म्हणाली की आम्ही दोघी खो खो हसायचो.

बाळाचं नाव ईशान ठेवलं, पण सगळे चिन्नूच म्हणायचे. तिसऱ्या दिवशी तो पिवळा पडला. दवाखान्यात सांगितलं, पुष्कळ बाळांना होते अशी कावीळ, कोवळ्या उन्हात धरा, जाईल. आमच्या बाल्कनीत सकाळी तासभर ऊन येतं. मी त्याला मांडीवर उघडा घेऊन बसायची आणि खालच्या भाजीवाल्याशी वरूनच भाव करायची. पंधरा दिवस झाले, महिना झाला. अंग निवळल्यासारखं वाटायचं, डोळे मात्र तसेच. लंगोट लघवीनं पिवळे व्हायचे. आणि शी? शी भिजवलेल्या खडूसारखी.

सिंधुजानं दोनदा विचारलं, “अत्तम्मा, इतकी पांढरी असते का?”

“नुसतं दूध पितंय लेकरू, मग पांढरीच होणार ना. त्याला काय तू बिर्याणी चारतेस?” मी म्हणाले. ती हसली आणि गप्प बसली. मी मास्तरीण ना, माझ्या आवाजापुढे घरात कुणी बोलत नसे.

दोन दिवस

दीड महिन्याची लस टोचायला आम्ही दोघी त्याला घेऊन गेलो. जवळच्याच गल्लीतले डॉक्टर, वयस्कर, शांत. त्यांनी चिन्नूची पापणी खाली ओढून पाहिलं आणि विचारलं, “पॉटी का रंग कैसा है?” सिंधुजानं माझ्याकडे पाहिलं. “थोडी फिकी आहे,” मी म्हणाले. त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

मग त्यांनी नीट समजावलं. लिव्हरमधून बाइल आतड्यात येतं, त्यानंच शीला रंग येतो. रंगच नसेल तर त्या बाइलची वाट बंद असू शकते, आणि तसं असेल तर ऑपरेशन लागतं आणि ते लवकरात लवकर व्हावं लागतं. त्यांनी रक्ताची तपासणी लिहून दिली. म्हणाले, “दोन दिवस प्रत्येक शीचा फोटो काढा आणि मला पाठवा. पांढरीच असली तर एक दिवस थांबायचं नाही, मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी देतो. पिवळी असली तर मग घाबरायचं काही नाही.”

घरी येताना सिंधुजानं विचारलं, “बाइल म्हणजे?”

“पित्त.”

“पण पित्त तर खराब ना? तुम्हाला पित्त झाला की तुम्ही कोकम पिता.”

पोरीचं काही चुकलं नव्हतं. आपल्यात डोकं दुखलं तरी पित्त, मळमळलं तरी पित्त, राग आला तरी पित्तच खवळतं. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, “साचलं की खराब, वाहिलं की चांगलं.” आणि तेच वाक्य माझ्या डोक्यात बसलं. साचलंय, तर वाहतं करायला पाहिजे.

माझी आई परभणीकडची. गल्लीतल्या सगळ्या तान्ह्यांना बाळगुटी तीच उगाळून द्यायची. कुणाचं बाळ पिवळं दिसलं की म्हणायची, “हळकुंडाचे वेढे वाढव, एक वेढा कुटकीचा घाल, पित्त वाहतं होईल.” वेढा म्हणजे सहाणेवर एक गोल फिरवून उगाळणं. हे अगदीच खोटं आहे असंही नाही. हळदीनं, कुटकीच्या कडू मुळीनं पित्त वाहायला मदत होते असं पुस्तकांतही सापडतं. पण वाटच बांधलेली नसेल तर वाहून वाहून ते जाणार कुठे, हा साधा प्रश्न मी मला विचारला नाही. वर्गात एखाद्या पोरानं नक्की विचारला असता.

सहाण

सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही, असं सिंधुजानं फ्रीजवर कागद लावून लिहिलं होतं. गुटी नाही, मध नाही, पाणीसुद्धा नाही. मी तिला शब्द दिला होता. आणि लशीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ती अंघोळीला गेल्यावर मी दाराला आतून कडी घातली, सहाण काढली आणि उकळून गार केलेल्या पाण्यात हळकुंडाचे सात वेढे, कुटकीचा एक आणि खडीसाखरेचे दोन उगाळले. करंगळीनं त्याला चाटवलं. संध्याकाळी ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली तेव्हा परत एकदा.

दुसऱ्या दिवशी दुपारी आतून सिंधुजा ओरडली, “अत्तम्मा! पसुपु! पसुपु!” तेलुगूत पसुपु म्हणजे हळद. ती रंग सांगत होती, हळदीसारखा पिवळा. मला वाटलं, कळलं हिला. गेले तर ती लंगोट दोन्ही हातांत धरून नाचत होती. शी पिवळी होती.

फोटो गेला. डॉक्टरांचं उत्तर आलं की रंग आलाय, छान, मग रक्ताची तपासणी पुढच्या लशीच्या वेळी केली तरी चालेल. मकरंद ऑफिसातून जिलेबी घेऊन आला. सिंधुजा माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, “तुमच्या उन्हानं झालं हे.”

मला तेव्हा काय वाटलं ते खरं लिहिते. मी कुणाला फसवते आहे असं मला कणभरही वाटलं नाही. मला वाटलं, मी त्याचं पित्त वाहतं केलं. डॉक्टरला जे जमलं नाही ते माझ्या आईच्या सहाणेनं केलं. मी देवापुढे साखर ठेवली. आणि मग रोज, अगदी न चुकता, सात वेढे. एकदा त्याच्या लाळेऱ्यावर पिवळा डाग दिसला तर सिंधुजानं विचारलं, हे काय? “वरणाचा हात लागला असेल माझा,” मी म्हणाले. इतकं सोपं होतं ते.

नांदेडचं लग्न

चिन्नू सव्वादोन महिन्यांचा झाला आणि नांदेडला माझ्या भाचीचं लग्न निघालं. चार दिवस गेले. तिथं सगळ्यांना नातवाचे फोटो दाखवले, कावीळ कशी घालवली तेही दोघी-तिघींना हळूच सांगितलं. त्या बायकांनी पुढे कुणाला काय काय चाटवलं असेल, या विचारानं आजही मला घाम फुटतो.

परत आले तर दार सिंधुजानंच उघडलं. केस विंचरलेले नाहीत, डोळे सुजलेले. “अत्तम्मा, तीन दिवस झाले. परत पांढरी. एकदम पांढरी.”

हातातली पिशवी खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. तिथेच उंबऱ्यात सगळं कळलं. मी नव्हते तर हळद नव्हती, हळद नव्हती तर रंग नव्हता. हळद पित्त वाहतं करत नव्हती. हळद नुसती एका बाजूनं जाऊन दुसऱ्या बाजूनं बाहेर येत होती, आणि आम्ही तिलाच पित्त समजून जिलेबी खाल्ली होती. पित्त त्या लेकराच्या पोटात एक थेंबही उतरलं नव्हतं. चार आठवडे. माझ्या करंगळीनं.

“चला,” मी म्हणाले, “आत्ताच्या आत्ता मोठं हॉस्पिटल.” सिंधुजा म्हणाली, “तुम्ही आलात, आता मला धीर आला.”

एकच प्रश्न

सुया, सोनोग्राफी, पुन्हा सुया. चिन्नूच्या हाताची शीर सापडेना तर पायाची, पायाची सापडेना तर डोक्याची. मकरंद बाहेर जिन्यात जाऊन बसायचा. सिंधुजा मात्र त्याला धरून उभी राहायची आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटत राहायची.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी सगळा इतिहास लिहून घेतला. मग विचारलं, “घर का कुछ दिया? घुट्टी, जडीबुटी, कुछ भी?”

सिंधुजा लगेच म्हणाली, “नहीं मॅडम. अत्तम्मा टीचर हैं, बहुत स्ट्रिक्ट हैं.”

मी चहाचा थर्मास धरून तिच्या मागे उभी होते. त्या डॉक्टरबाईंनी फोनमधला तो पिवळा फोटो मोठा करून पाहिला, परत पाहिला. “ये रंग कुछ समझ में नहीं आ रहा,” त्या म्हणाल्या. मला बोलायला एवढी मोठी जागा होती. मी बोलले नाही. तोंड उघडलं असतं तर डॉक्टरबाईंना निदान एक कोडं कमी पडलं असतं. मी माझी अब्रू धरून बसले. हळद मी अडाणीपणानं दिली म्हणा हवं तर, पण हे गप्प बसणं अडाणीपणाचं नव्हतं.

त्या म्हणाल्या, यकृतातून बाहेर येणारी पित्तनळी जन्मापासूनच बंद आहे. आतड्याचा एक भाग वर नेऊन यकृताला जोडून बघू. दोन महिन्यांच्या आत केलं तर पित्त वाहायला लागण्याची आशा चांगली असते. “अब थोडा लेट है. करेंगे, कोशिश करेंगे.” मकरंदनं विचारलं, “म्हणजे महिनाभर आधी आलो असतो तर?” त्यांनी फाइल मिटली.

देव पाण्यात

ऑपरेशन झालं. एवढ्याशा पोटावर इकडून तिकडे टाके. आणि मग वाट बघणं सुरू झालं, शीचा रंग बघण्याचं.

बाई गं, आयुष्यभर पित्त शमवण्यात गेलं आणि आता सगळं घर पित्त यावं म्हणून देव पाण्यात घालून बसलं होतं. त्याला एक पातळ औषध चालू केलं होतं. सिस्टरनं सांगितलं, हे पित्त वाहतं करणारं औषध आहे. हे तर माझ्या आईचेच शब्द. मी डॉक्टरबाईंना विचारलं, “याच्यानं नक्की वाहील?” त्या म्हणाल्या, “अम्मा, दवा बहाव में मदद करती है. रास्ता बनना पडता.”

शेजारच्या कॉटवर शबाना नावाची मुलगी होती, शहराच्या जुन्या भागातली, तिची लेक याच आजाराची. तिला चाळिसाव्या दिवशी आणलं होतं. “मेरी सास बोली, पॉटी सफेद है, चलो बोलको उठाको लाई,” ती सांगायची. तिच्या लेकीची शी पिवळीधमक. मी त्या लंगोटाकडे ज्या नजरेनं बघायची ते देवानंच बघितलं. शबाना स्वतःच्या डब्यातली खिचडी माझ्यापुढे सरकवायची आणि म्हणायची, “खाओ अम्मा, ऐसा भुक्के नक्को बैठो.” ती खिचडी माझ्या घशाखाली उतरली कशी, मला नवल वाटतं. पण उतरली, आणि त्या दिवसांत मी दुसरं काही खाल्लं नाही.

नवव्या दिवशी हिरवट-पिवळा रंग आला. खरा. सिस्टरनं सगळ्या वॉर्डाला दाखवला. सिंधुजा रडली, मकरंद रडला, शबानानं बिस्किटं वाटली. मी बाथरूममध्ये जाऊन भिंतीला डोकं टेकलं आणि म्हणाले, देवा, आता हे वाहू दे, मी सगळं सांगते, सगळ्यांपुढे सांगते.

तीन आठवडे वाहिलं. मग ताप आला, मग पुन्हा ताप, आणि रंग फिका होत होत पुन्हा खडू.

नंतरचं लांबवत नाही. मकरंदच्या यकृताचा तुकडा चिन्नूला बसवायचं ठरलं. तपासण्या जुळल्या. गुरुवारी ॲडमिट व्हायचं होतं. सोमवारी ताप चढला आणि पोट फुगलं. बुधवारी दुपारी चिन्नू गेला. सात महिने अकरा दिवसांचा होता. पोटाला आधार दिला की बसायला लागला होता. माझा पदर तोंडात घालायचा.

आज्यांनो

एवढंच ऐका. बाळ पंधरा दिवसांनंतरही पिवळं असलं तर रक्त तपासा. शी रोज दिवसाउजेडी बघा, पांढरी किंवा राखाडी दिसली तर त्याच दिवशी उठा. “दूधच पितंय ना” म्हणू नका. आणि पोटात काही घालू नका, चाटवू नका, उगाळू नका, तुमच्या आईनं शंभर बाळांना दिलेलं असलं तरी. आणि हातून गेलंच असेल तर डॉक्टरनं विचारल्यावर सांगा. लाज वाटेल, मरणाची वाटेल. लाजेनं कुणी मरत नाही.

आधी आणलं असतं तर तो वाचलाच असता का? डॉक्टरबाईंना मी नंतर एकटी जाऊन भेटले, त्यांना सगळं सांगितलं आणि हेच विचारलं. त्या म्हणाल्या, “बोल नहीं सकते अम्मा. चान्स अच्छा था.”

वाचून दाखवलं

हे वरचं सगळं लिहून झालं त्याला आज आठवडा झाला. चिन्नूला जाऊन दीड वर्ष होईल. आम्ही तिघं त्याच फ्लॅटमध्ये आहोत. सिंधुजा परत नोकरीला लागली. मी रोज वहीत काय खरडते म्हणून तिनं दोन-तीनदा विचारलं. तिला मराठी वाचता येत नाही. मकरंद इंग्रजी शाळेत शिकलेला, तोही एकेक अक्षर लावतो. मनात आणलं असतं तर हे छापून आलं असतं, घरात पडून राहिलं असतं आणि माझ्या घरच्यांना कधी कळलं नसतं. माझ्या मनात ते आलं होतं, हेही लिहून ठेवते.

रविवारी मकरंद बाहेर गेला होता. मी सिंधुजाला बसवलं आणि पहिल्यापासून वाचून दाखवलं. अडला शब्द तिला हिंदीत सांगितला. सात वेढे आले तेव्हा तिनं ओढणी मुठीत धरली. मी थांबले नाही, थांबले असते तर पुढे वाचताच आलं नसतं. लाळेऱ्याचा डाग, डॉक्टरबाईंचा प्रश्न, सगळं वाचलं. वही मिटली आणि म्हणाले, “मार मला. घराबाहेर काढ. काहीही कर.”

तिनं मुठीतली ओढणी सोडली. मग म्हणाली, “कडू लागला असेल ना त्याला?”

“पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं,” मी म्हणाले. “मग…” आणि मी थांबले. हे मी वहीतही लिहिलं नव्हतं.

“मग काय?”

“मग हसला.”

“झोपेत?”

“नाही गं. माझ्याकडे बघून. आवाज करून हसला. साखरेची गोडी लागली असेल.”

“लशीच्या दुसऱ्या दिवशी?”

“हो.”

मला आणखी एक दिवसही आठवत होता, आणि तिलाही आठवत असणार. लशीनंतर आठवड्यानं ती आतून धावत आली होती. “अत्तम्मा, हसला! पहिल्यांदा हसला, मला बघून!” आणि मी म्हणाले होते, “अगंबाई, खरंच? दाखव, दाखव.”

“मग रोज हसायचा? तुम्ही चाटवलं की?”

“रोज.”

हळदीबद्दल ती मला एक शब्द बोलली नाही. अजूनही बोललेली नाही. मकरंदला तिनंच सांगितलं. तो माझ्या हातचं जेवतो, पण मान वर करत नाही. त्या दिवशी ती फक्त मधले दिवस बोटांवर मोजत बसली होती, एक, दोन, तीन, करत सहापर्यंत आली आणि रडायला लागली. इतकी मोठ्यानं की तो गेला त्या दिवशीसुद्धा ती तशी रडली नव्हती.

“हळद तुम्ही लपवली ते लपवली,” ती म्हणाली. “पण तो हसला हे तरी मला सांगायचा होता ना, अत्तम्मा. सातच महिने होता तो.”